गॅलरीची सळई

"अहो, ही सळई इथे वर का? बाकी सगळीकडे तर खाली असते ना?"

काकू धड टेकलीही नव्हती, तोच समोरच्या मुलीने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. आकृतीत भिंतीतून बाहेर आलेली गॅलरी होती आणि तिच्या काँक्रीटमधली लोखंडी सळई.

काकू गोंधळली. कॉलेज सोडायचं तर आधी एकदा सीनियरशी बोलायचं, असा इथला नियम. सीनियर खिडकीजवळच्या टेबलाशी भेटेल, असं ऑफिसात सांगितलं होतं. म्हणून तर लेकीला शेजारच्या आजींकडे ठेवून ती आली होती, 'मी सोडतेय' एवढंच घोकत. आणि ही सीनियर तिलाच प्रश्न विचारत होती.

"मला खरं तर एक सांगायचं होतं..."

"सांगा ना! पण आधी हे. माझं डोकंच चालत नाहीये, ताई."

ताई? तिच्या वर्गातली पोरं तर तिला बिनदिक्कत काकू म्हणायची. ही चेष्टा करतेय की परीक्षा घेतेय? की सोडून जाणाऱ्याला असंच बोलतं करतात? पण मग हिची नखं अशी कुरतडलेली का?

उत्तर काही तिला येत नव्हतं. याच धड्यावर डोकं ठेवून ती कितीदा तरी झोपून गेली होती. काहीतरी करायचं म्हणून तिने ते जाडजूड पुस्तक उचललं आणि हात लांब करून धरलं. सकाळी लेकीला धरलं होतं, तसंच.

"सकाळी माझी लेक चिखलात नाचून आली. कपडे खराब नकोत म्हणून मी तिला अशी लांब धरून मोरीत नेली. कुठे ताण आला, माहितीये? इथे." तिने खांद्याच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. आणि थबकली. "वरच की! गॅलरीने पण भिंतीतून असा हातच काढलेला असतो. ताण वर, म्हणून तो झेलणारी सळईही वर."

"आणि दोन्हीकडे टेकलेली तुळई?"

"ती मधे झोळीसारखी वाकते. ताण पोटाला. म्हणून खाली."

"हात्तिच्या! एवढंच?"

एवढंच. काकूलाही ते आत्ताच, स्वतःच्या तोंडून ऐकून कळलं होतं. मग तिला आपलं वाक्य आठवलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धापा टाकत आली.

"सॉरी, सॉरी! मी सीनियर. प्रॅक्टिकल लांबलं हो. कॉलेज सोडायला निघालेल्या दोघी इथे थांबणार होत्या. गेल्या का त्या?"

दोघी?

काकूने समोर पाहिलं. मुलगी तिच्याकडेच बघत होती, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. "म्हणजे तुम्ही पण..." ती पुटपुटली.

काकूने पुस्तकाचं पान उलटलं.

"गेल्या त्या," ती सीनियरला म्हणाली. "तू बस. आमचं इथे पुढचं अडलंय."