गोग्रास

"बाईजी, खिलाना मना है. बोर्ड लगा है," गाईला चारा टाकता टाकता तो माणूस म्हणाला. धुळीपायी त्याने गमछा पार डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता.

शालिनीताईंनी केळीच्या पानातला नैवेद्य पदराखाली घेतला. आता काय करावं बाई! इंदूर चकाचक झालं, रस्त्यावरची गुरं शहराबाहेर गेली, आणि सर्वपित्रीला गाय शोधत बगीच्यात यायची पाळी आली. इथे पोरांना दाखवायला गाय, बकऱ्या, कोंबड्या ठेवलेल्या. नात संहिता बकऱ्यांपाशी रमली होती. मुलगा विक्रांत सारखा घड्याळ बघत होता.

"आई, हे भिया नाही म्हणतायत ना? चल आता. घरी सगळे उपाशी आहेत."

"अरे, गोग्रास दिल्याशिवाय पानं कशी वाढू? बारा वर्षांनी त्यांना पहिला घास मिळतोय."

विक्रांतने घड्याळाचा हात खाली घेतला. बारा वर्षांपूर्वी त्याचे वडील शरच्चंद्र रात्री त्याच्याशीच भांडले, सकाळी दूध आणायला म्हणून तुकोगंजच्या घरातून निघाले, ते गेलेच. हातोदपासून ओंकारेश्वरपर्यंत शोधलं. यंदा गुरुजी म्हणाले, आता क्रिया उरकून घ्या. तिथी कुणाला ठाऊक? म्हणून सर्वपित्री. शालिनीताईंनी आज रडत रडत कुंकू पुसलं आणि तशाच खीर ढवळायला बसल्या. शरच्चंद्रांना पानावर पहिली खीर लागायची. "गोड आधी, शालू. नंतरचा भरवसा कुणी दिलाय?" आणि ह्या दर वेळी चिडायच्या.

"भैया, बस एक घास," त्यांनी हात जोडले. "मेरे मिस्टर का श्राद्ध है. बारा साल हो गए."

त्या माणसाच्या हातातला चारा हातातच राहिला. त्याने एकदा त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"रख दो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "साहब का राउंड हो जाए, फिर खिला दूँगा."

"पक्का ना? नहीं तो भूखे रह जाएँगे वो."

"नहीं रहेंगे."

शालिनीताई फाटकापर्यंत गेल्या, पण जीव राहीना. गाईने तोंड लावलेलं डोळ्यांनी बघावं, एवढंच. विक्रांतला थांबायला सांगून त्या एकट्याच परत फिरल्या.

गाय तशीच उभी होती. तो माणूस तिच्या आडोशाला पाठमोरा बसला होता. गमछा गळ्यात, मांडीवर केळीचं पान, आणि खिरीचा द्रोण तोंडाला. मेल्याने पितरांचा घास खाल्ला! शालिनीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दोन पावलं पुढे झाल्या.

गाईने पानाकडे मान लांबवली. त्याने तिला हाताने थोपवलं.

"थांब गं, वडा देतो तुला," तो म्हणाला. "गोड आधी. नंतरचा भरवसा कुणी दिलाय?"