अठरा शब्द आणि एक फूल

"लिहायचं सोडून माझ्या कागदात काय बघून राहिली तू?" झुंबरबाई दात आवळून पुटपुटल्या.

पुनमने मान खाली घातली. या पोरीचं हे नेहमीचंच. दूध गॅसवर असलं की ही खिडकीत. आणि आज एवढी संधी चालून आली, तर हिचे डोळे सासूच्या मांडीवरच्या कागदात.

पिंप्राळ्यातल्या कॉलनीची भरीत पार्टी होती. मोकळ्या प्लॉटवर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळात वांगी भाजत होती आणि भुकेल्या पंचवीस बायकांना तारादेवींनी कागद-पेन्सिली वाटल्या होत्या. पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द लिहायचे. प्रत्येकात ए आणि आर, दोन्ही अक्षरं हवीत. पाच मिनिटांत. तारादेवींना त्यांच्या शिकवणीच्या क्लासला इंग्रजीची बाई पाहिजे होती. कॉलनीतल्या चार सुनांसाठी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी वाईटपणा न घेता खेळच ठेवला. "जिचे शब्द ज्यादा, क्लास तिचा."

पुनम लग्नाआधी दोन वर्षं धुळ्याच्या एका शाळेत शिकवत होती. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी अजून भांडी घासताना इंग्रजी कविता पुटपुटायची. सासूला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं. सासूला सगळं ऐकू यायचं. म्हणून तर झुंबरबाई स्वतः तिच्यासाठी तारादेवींच्या दारात गेल्या होत्या. आजवर त्या कुणाच्या दारात काही मागायला गेल्या नव्हत्या.

खेळाला त्या स्वतः बसणार नव्हत्या. पण शेजारच्या कमलबाईंनी मुद्दाम विचारलं, "तुम्ही नुसत्या वांगी सोलायला का?" झालं. झुंबरबाईंनी पेन्सिल ओढून घेतली.

शाळा दुसरीपर्यंतच झालेली. स्टँडवर एसटीची मराठी पाटी वाचून होईस्तोवर गाडी निघून जायची. मग इंग्रजी कुठलं? पण हे कॉलनीत कुणाला ठाऊक नव्हतं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाची पत्रिका हातात आली तरी, झुंबरबाईंचं एकच वाक्य असायचं : चष्मा घरी राहिला.

आज त्यांनी कागदावर पाच पाकळ्यांचं एक फूल काढलं आणि घडी घालून टाकली. पाच मिनिटं सरली तशी ती घडी पुनमकडे सरकवली. "वर माझं नाव टाक. चष्मा घरी राहिला."

पुनमने दोन्ही कागदांवर नावं टाकली. त्यालाही तिने वेळ लावला.

तारादेवी एकेक कागद उघडू लागल्या. कुणाचे चार, कुणाचे सात. कमलबाईंच्या सुनेचे, मयुरीचे अकरा. कमलबाईंनी पदर सारखा केला.

"पुनम," तारादेवींनी पुढचा कागद उघडला आणि त्या थबकल्या. "अरे, इथे तर फूल आहे."

हसू फुटलं. "बीए झालेली सून फुलं काढते!" कमलबाई म्हणाल्या.

झुंबरबाई हसल्या नाहीत. त्या फुलाची एक पाकळी मोठी झाली होती. पेन्सिल घसरली होती, ती त्यांच्याच हातातून.

"आणि झुंबरबाई... अठरा!" तारादेवी वाचत गेल्या. "वॉटर, ब्रेड, ट्रेन, चेअर, बोर्ड, शुगर..."

टाळ्या पडल्या. झुंबरबाई ऐकत राहिल्या. बठ्ठे, सगळेच शब्द ओळखीचे. शुगर तर आठ वर्षांपासून त्यांच्या रक्तात होती. तोंडात रोज खेळणारे शब्द, पण कागदावर त्यांची कधी भेट झाली नव्हती.

"अक्का, तुम्ही तर छुप्या निघाल्या!" तारादेवी म्हणाल्या. "पण आता तुम्ही काही माझ्या क्लासला येणार नाही. म्हणजे नंबर मयुरीचा."

कमलबाईंचा चेहरा जाळावरच्या वांग्यासारखा फुलला. तरी त्यांना तेवढं पुरेना. त्यांनी तो कागद तारादेवींच्या हातातून घेतला आणि झुंबरबाईंच्या नाकासमोर धरला. "एक तरी वाचून दाखवा की, ताई. आमचेही कान तृप्त होऊ द्या."

झुंबरबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी पुनम बोलली.

"आईंचा चष्मा घरी राहिलाय."

किती सहज बोलली! अडखळली नाही, नजर चोरली नाही. झुंबरबाईंना हे वाक्य पाठ व्हायला चाळीस वर्षं लागली होती. या पोरीला तीन पुरली.

त्या स्वतःवरच चिडल्या. मांडीवरची पिशवी त्यांनी खसकन उघडली, चष्मा काढला आणि नाकावर चढवला. कमलबाईंच्या हातातला कागद घेऊन सगळ्यांसमोर वरपासून खालपर्यंत पाहिला. मग तो तारादेवींच्या हातात दिला.

"यातलं एक अक्षर माले येत नही. फूल मनं शे. अठरा शब्द हिचे."

पुनमचे डोळे भरून आले. "आई, लोक तुम्हाला हसले असते..."

रागात झुंबरबाईंच्या तोंडी धुळ्याकडची माहेरची बोली आपोआप यायची. त्यांनी सुनेच्या हनुवटीला धरून तिचं तोंड वर केलं.

"हसू दे. सोमवारपासून क्लासले जाय. आन् चष्म्याचं खोटं मनं एकलीनं शे, पोरी. त्यात तुले वाटा नही."