कारण : चुकीचं इंधन

"मीच भरलं असणार पेट्रोल," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी फॉर्मवर सही केली.

मिस्त्री गडबडला. सर्व्हिस सेंटरच्या या काउंटरवर लोक भांडायचे. हात आपटायचे, वकील मेव्हण्याचा धाक घालायचे. मग मिस्त्री ठरलेलं वाक्य म्हणायचा, "साहेब, पेट्रोलमध्ये डिझेलसारखं वंगण नसतं. पंप स्वतःलाच खातो." वाक्य खरं होतं. फक्त गाडीत पेट्रोल नव्हतं. घड्याळजींच्या टाकीतलं इंधन त्याने स्वतः बाटलीत काढून तपासलं होतं. स्वच्छ डिझेल. इंजिनाला इंधन पुरवणारा पंपच कारखान्यातून कच्चा आला होता. तो आतल्या आत झिजला आणि त्याने लोखंडाचा चुरा इंजिनभर सढळ हाताने वाटला.

या महिन्यातली ही अकरावी गाडी. म्हणजे कागदोपत्री गावातल्या अकरा शहाण्या माणसांनी एकाच महिन्यात डिझेलच्या गाडीत पेट्रोल ओतलं होतं. "पंप खराब आहे असं कंपनीला कळवलं, तर कंपनी आपल्यालाच खराब ठरवते," मॅनेजर म्हणायचा. मग कारणाच्या रकान्यात मिस्त्री लिहायचा : चुकीचं इंधन. म्हणजे खर्च गिऱ्हाइकाच्या माथी. त्याचं अक्षर सुंदर होतं. म्हणून तर हे काम त्याच्याकडे आलं होतं.

पहिले दहा जण शिव्या घालून गेले, आणि मिस्त्रीला छान झोप लागली. शिवी खाल्ली की फिट्टंफाट होते. हा म्हातारा मात्र जाताना "तुम्हाला उगाच त्रास" म्हणाला. ते काही केल्या पचेना. मिस्त्रीने ती डिझेलची बाटली फेकली नाही. कपाटात मागे ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी घड्याळजींचा मुलगा गाडी विकायला आला.

"बाबांचं डोकं आता साथ देत नाही," तो म्हणाला. "दुकान बंद करून दिवसभर घरीच बसतात. शनिवारी दुकानही विकतोय. चाळीस वर्षांचं दुकान हो! पण लोकांची घड्याळं अशा माणसाच्या हातात कशी द्यायची? वेळेवर कळलं ते तुमच्यामुळे." आणि त्याने मिस्त्रीचे दोन्ही हात हातात घेऊन दाबले.

मिस्त्रीने अर्धी सुट्टी टाकली आणि बाटली घेऊन घड्याळजींचं घर गाठलं.

घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मिठाच्या बरणीवर 'मीठ'. गॅसवर 'बंद केला का?'. खुर्चीवर 'खुर्ची'. "चिठ्ठ्यांचा हट्ट बाबांचाच," दार उघडणारी सून म्हणाली. "खुर्चीवरची मी लावली. एक उरली होती."

त्या खुर्चीत बसून घड्याळजी एक मनगटी घड्याळ उघडत होते. मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून ओळीने मांडत होते. एकदाही हात चुकत नव्हता. सून आत गेल्यावर मिस्त्रीने बाटली टेबलावर ठेवली.

"काका, मी खोटं लिहिलं. टाकीत डिझेलच होतं, हे बघा. दोष पंपाचा होता. तुम्ही काहीही विसरलेला नाही." त्याने बाटली पुढे सरकवली. "दुकान विकू नका. मुलासमोर सांगतो, मॅनेजरसमोर सांगतो. नोकरी गेली तर गेली. वाटलं तर दोन थोबाडीत द्या, पण ते दुकान विकू नका."

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. बाटलीचं झाकण काढून वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"माझं डोकं शाबूत आहे, हे मला ठाऊक आहे हो," ते म्हणाले.

आत घड्याळजींची बायको, काकू, भांडी लावत होत्या. तिकडे बघत घड्याळजींनी आवाज अगदी खाली आणला.

"त्या दिवशी टाकी हिने भरली होती. हिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, अशाच एखाद्या चुकीपासून. शेवटी तिला लेकही ओळखू येईना. म्हटलं, नाव माझं लागू दे, आणि मी घरी हिच्याजवळ थांबतो." त्यांनी मिस्त्रीचं मनगट घट्ट पकडलं. "म्हणजे हिला काहीच झालेलं नाही?"