पाठीमागची बटणं

काळा, गळाबंद, लेसचा, पायघोळ गाऊन हवाय म्हटलं की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक दुकानात एकच प्रश्न यायचा, "पहिली संक्रांत का गं?" आणि समोर हलव्याचे दागिने मांडले जायचे. अहो, माझं लग्नच झालं नव्हतं! मला फक्त कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा माझ्या मनासारखं दिसायचं होतं. आजही गाऊन मिळाला नाही, तर आईने काढून ठेवलेला गुलाबी ड्रेस नशिबी होता.

मुलुंडच्या शेवटच्या दुकानातल्या नलिनीताईंनी काहीच विचारलं नाही. आतून गाऊन आणून माझ्या हातात दिला. हुबेहूब माझ्या मनातला!

"पाठीला बटणं आहेत. एकटीला नाही जमणार, हाक मार," त्या म्हणाल्या.

ट्रायल रूम कपाटाएवढी होती. मी गाऊन चढवला आणि हात मागे नेले, पण ते पोचेनात. वैतागून मी ते खाली सोडले.

तेवढ्यात कमरेपाशी एक बटण लागलं. मग त्याच्या वरचं.

आरशात माझ्यामागे नुसती भिंत होती. बटणं सावकाश वर सरकत आली. गार बोटांनी माझे केस अलगद बाजूला केले.

"लावून देऊ का गं?" बाहेरून नलिनीताईंनी विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला होता. पण आरशातली मी आज पहिल्यांदाच मला माझी वाटत होती.

"नको ताई," मी म्हणाले. "होतंय."

मानेजवळचं शेवटचं बटण लागलं, आणि कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "गुलाबी नको हं घालूस."