हरेश्वररावांचा एकांत

मोठा निर्णय घ्यायचा तर माणसाला एकांत लागतो, असं हरेश्वरराव वकिलांचं ठाम मत होतं. गेले तीन आठवडे त्यांना एकांत मिळाला नव्हता, म्हणून निर्णयही झाला नव्हता.

आज मात्र वैशाख शुद्ध द्वितीयेच्या सकाळी ते धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, अलिबागच्या ओल्या पुळणीवरून किल्ल्याकडे चालले होते. अकरा वाजता मिठाच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी निघायची होती. यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. ते त्यांनीच भर सभेत, टाळ्यांच्या कडकडाटात घातलं होतं. टाळ्या थांबल्यावर त्यांना विचाराची गरज भासू लागली.

पण या गावात विचार करायचा कुठं? जिल्ह्याचं ठिकाण. कोर्टाच्या आवारात पक्षकारांचा बाजार, देवळात घंटा, नारळीच्या वाडीत रहाटाची करकर. आणि घरात पत्नी सगुणाबाईंचा चरखा! देशाचा विचार करायला बसावं, तर शेजारी ही घर्रघर्र.

"जरा थांबवतेस का ते? स्वराज्याबद्दलच विचार चाललाय माझा," ते एकदा म्हणाले होते.

"तुमचा होईपर्यंत माझं एक लुगडं होईल," असं म्हणून सगुणाबाईंनी कापसाचा नवा पेळू घेतला होता.

आज निघताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "अकराला याल ना?"

"एकांतात ठरवतो आणि येतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दारात उभ्या राहिल्या.

समुद्रातला किल्ला म्हणजे एकांतच, असा हरेश्वररावांचा अंदाज होता. पण किल्ल्याला ओहोटीतच चालत जाता येतं, आणि ओहोटी साऱ्या गावाला एकाच वेळी लागते. ते पोचले तेव्हा गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या भरलेल्या होत्या. एक मामलेदार 'रावसाहेब' ही पदवी परत करावी की काय, याचं चिंतन करत होते. दोन मास्तर राजीनाम्याचं चिंतन करत होते. विलायती कापडाचा एक व्यापारी नुसताच डोळे मिटून बसला होता. सगळ्यांना एकांत हवा होता आणि सगळे एकमेकांवर चिडले होते.

"वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा?" मामलेदार म्हणाले.

"दर्शनाला आलो होतो," हरेश्वरराव म्हणाले.

नऊ वाजायला आले तशी मंडळी उठली. भरतीची वेळ अलिबागेत शेंबड्या पोरालाही काढता येते. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया, म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती. नऊनंतर वाट बंद, ती संध्याकाळी सहाला मोकळी. हरेश्वरराव हा हिशेब मुंजीआधीपासून करत आले होते. आज मात्र ते किनाऱ्याकडच्या तटावर इतके विचारात गढले, की हाका मारणाऱ्यांना त्यांनी हातानंच 'व्हा पुढं' अशी खूण केली.

आता किल्ल्यावर कोणी नव्हतं. चहूकडे पाणी. असा एकांत जिल्ह्यात दुसरा नव्हता.

दहाच्या सुमारास धर्माजी कोळ्यानं आपली होडी तटाला लावली. "वकीलसायब, पानी भरलाय. बसा, सोरतो काठाव. तिकरं तुमचं नाव घेतात सारी."

हरेश्वररावांनी डोळे उघडले, होडी पाहिली आणि परत मिटले. "धर्माजी, मी विचारात आहे."

"होरीन बसून करा की विचार. मी न्हाय बोलनार."

"होडी हलते रे. विचारात खंड पडतो."

धर्माजीनं तटाला वल्हं लावलं आणि होडी परत वळवली.

अकराला किनाऱ्यावर गर्दी जमलेली दिसली. मग मीठ आटवायच्या चुलाण्याचा धूर. मग पांढऱ्या टोप्यांची एक ओळ पुढं सरकली. त्या ओळीच्या अग्रभागी एक पांढरं लुगडं होतं. हरेश्वररावांना भरून आलं. कोणाची तरी बायको! धन्य त्या नवऱ्याची. अशा प्रसंगावर एक छान भाषण होईल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. थोड्या वेळानं पोलिसांच्या निळ्या पगड्या आल्या, धूर विझला आणि किनारा रिकामा झाला. मग त्यांचा निर्णय झाला. तुकडीबरोबर जायचं. समोर तर समुद्र होता. त्याला त्यांचा इलाज नव्हता.

संध्याकाळी सहाला पाणी उतरलं. दिवेलागणीला ते घरी पोचले तर दाराला कुलूप. कुंपणापलीकडून शेजारच्या सोनाबाई आल्या.

"तिथीचा हिशेब चुकला हो," हरेश्वरराव आधीच म्हणाले. "अडकून पडलो."

"वहिनींना नेलं पोलिसांनी," सोनाबाई म्हणाल्या. "यादीतलं पहिलं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी उठेना, तेव्हा त्या उठल्या. म्हणाल्या, आडनाव तेच आहे, चालवून घ्या. सहा महिने तरी होतील म्हणतात."

त्यांनी पदराची गाठ सोडून चावी दिली. हरेश्वरराव आत गेले. घर चिडीचूप होतं. पेळूंची टोपली भिंतीशी, चरखा कापड टाकून झाकलेला. चुलीपाशी एका माणसाचं जेवण झाकून ठेवलं होतं. तीन आठवडे ज्याच्यासाठी ते वणवण फिरले, तो एकांत इथंच होता.

ते पुन्हा बाहेर आले.

"सोनाबाई, ही चावी... पोलिसांनी धरल्यावर दिली का तिनं?"

"छे हो. सकाळी सातला. तुम्ही अजून पुळणीवरच होता."