खड्ड्यांची राखण

रस्तेदुरुस्तीचा निधी सरकारने राजधानीतल्या कारंज्यांकडे वळवला, तेव्हा नगरपालिकेने कडाडून विरोध केला. मग रस्त्यांना खरंच गरज आहे का, हे पाहायला वरून एक साहेब येणार असं कळलं. नगराध्यक्षाबाईंनी रस्त्यांच्या मुकादमाला बोलावून बजावलं, "खड्डे हाच आपला पुरावा. साहेब येईपर्यंत एकही बुजता कामा नये."

मुकादमाची सगळी हयात खड्डे बुजवण्यात गेलेली. पण अंग चोरून काम करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने प्रत्येक खड्ड्याला नंबर दिला, भोवती चुन्याची रेघ मारली. रोज सकाळी माणसं लावून आतला कचरा काढला, साचलेलं पाणी उपसलं. एकाची कड ढासळली, तर ती सिमेंटने लिंपून पक्की केली. शाळेतल्या मास्तरांनी दारासमोरच्या सत्तेचाळीस नंबरात गुपचूप विटांचे तुकडे टाकले, ते त्याने हात जोडून परत वेचायला लावले. "मास्तर, गावाच्या भल्याचा प्रश्न आहे."

साहेब आले. दोनशे बारा खड्डे त्यांनी पायी फिरून पाहिले. एकातही साधं वाळलं पान नव्हतं. शेवटी त्यांनी मुकादमाचा हात हातात घेतला. "तीस वर्षांच्या नोकरीत असं चोख काम पाहिलं नाही हो!"

मुकादमाला भरून आलं. साहेबांनी तिथेच, उभ्या उभ्या शेरा लिहिला : 'देखभाल उत्तम. निधीची आवश्यकता नाही.'