परसातला निवाडा

थोरल्या भावाची रिंग खुंटापासून चांगली हातभर लांब जाऊन पडली. त्याचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. केसासारखी बारीक स्प्रिंग ज्या बोटांनी तो जागच्या जागी बसवीत असे, त्याच बोटांनी त्याने दोराची ती जाडजूड रिंग अशी भिरकावली, की परसातल्या कोंबडीनेही हसावे.

"छ्या! सवय सुटली," तो हात झटकत म्हणाला.

"चष्म्याचा नंबर बदललाय त्यांचा," वहिनींनी तत्काळ पुस्ती जोडली.

खुंटाशेजारी खुर्ची टाकून बाबा बसले होते. या घराण्यात तंटा मिटविण्याची हीच रीत होती. खिडकीजवळची खाट कोणाची, सायकल आज कोणी न्यायची, इथपासून सारे निवाडे परसात रिंगा टाकून होत आले होते. जो जिंकेल त्याचे खरे, आणि पंच बाबा. आजचा निवाडा एवढाच होता, की यापुढे बाबांनी कोणाकडे राहावे. वस्तुतः हरेल त्याने न्यावे, असेच भावांच्या मनात होते. परंतु बाबांच्या देखत ते उच्चारणार कोण? म्हणून थोरला घसा खाकरून म्हणाला होता, "जो जिंकेल, त्याला बाबांना न्यायचा मान." झाले! मान म्हटल्यावर मागे हटण्याची सोय उरली नाही, आणि प्रत्येकाला हरण्यासाठी खेळणे भाग पडले.

आता धाकटा पुढे झाला. त्याचे केशकर्तनाचे दुकान होते आणि गिऱ्हाईकाच्या गळ्यावरून वस्तरा फिरविताना त्याचा हात यत्किंचितही हलत नसे. त्याने डोळे किलकिले करून रिंग सोडली. ती खुंटाच्या माथ्यावर आदळली, क्षणभर तिथेच डुगडुगली. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती बाहेरच्या अंगाला कलंडली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"अरेरे! थोडक्यात हुकली!"

"हो ना. केवढा हळहळलास बिचारा," बहीण म्हणाली.

तिची पाळी शेवटची होती. ती बेकरीत कामाला असे. दिवस उजाडण्यापूर्वी उठून पीठ मळायचे, भट्टीसमोर उभे राहायचे, घरी येऊन बाबांची अंघोळ, औषधे, कपडे. आणि रात्री त्यांनी हाक मारली, की डोळे न उघडताच उठून बसायचे. आई गेल्यापासून हे असेच चालले होते. बाबांवर तिचा राग नव्हता. कोणावरच नव्हता. एक वर्ष कोणीतरी दुसऱ्याने उठावे, आणि आपण सलग झोपावे, एवढीच तिची इच्छा होती. ती मनात आणतानाही तिला लाज वाटत असे.

तिने रिंग हातात घेतली. डावीकडे टाकायची, अगदी कुंपणाकडे, असे तिने ठरविले होते. पण नेम चुकवायचा तर आधी नेम धरावा लागतो, आणि तेवढे त्राण तिच्या अंगात उरले नव्हते. मन कुंपणाकडे गेले, हात मात्र लहानपणापासून जिकडे जात आला होता तिकडेच गेला. रिंग सरळ जाऊन खुंटात अडकली.

टाळ्या वाजल्या. अगदी मनापासून वाजल्या.

"वा, चिमे! मानलं तुला!" थोरला म्हणाला.

"ताईचा हात म्हणजे हात आहे राव! आपण कोण तिच्यापुढे?"

"आणि खरं सांगू का वन्सं, बाबांनाही तुमच्याकडेच करमतं हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पर्स खांद्याला अडकविलीसुद्धा होती.

बहीण उभीच राहिली. तिला रडू आले नाही. ती नखांतले सुकलेले पीठ खरवडू लागली.

बाबा काठी रोवून उठले. त्यांनी खुंटातल्या रिंगेकडे पाहिले, मग तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले.

"बाद," ते म्हणाले.

"काय?"

"पाय रेषेच्या पुढे होता."

सर्वांच्या नजरा खाली वळल्या. मातीत ओढलेली रेष स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या चपला त्या रेषेच्या वीतभर मागे होत्या.

"बाबा, असं काय करता? ही बघा ना, केवढी मागे उभी आहे!" थोरला म्हणाला.

"पंच कोण? तू की मी?"

"बाबा, खरंच मी मागेच..." बहिणीने तोंड उघडले.

"तू गप्प बस. बाद झालेल्यानं बोलायचं नसतं." त्यांनी काठीने आपली खुर्ची दाखविली. "इथं येऊन बस. तुझा खेळ संपला. थोरल्या, रिंग उचल. आता तुम्ही दोघंच. एकाची खुंटात अडकेपर्यंत टाकत राहायचं."

"पण बाबा, अशानं अंधार होईल," धाकटा कुरकुरला.

"होऊ दे. मला कुठं जायचंय? ते तर तुम्ही ठरवताय."

वहिनींनी पर्स खांद्यावरून उतरविली.

बहीण येऊन खुर्चीत बसली. रिंग मातीवर पडल्याचा आवाज तिने ऐकला. थोड्या वेळाने आणखी एक. त्यानंतरचे आवाज तिच्यापर्यंत पोहोचले नाहीत. तिची मान खांद्यावर कलली होती, आणि उतरते ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ नये, अशा बेताने बाबा काठी टेकून मध्ये उभे होते.